टोपी उतरेपर्यंत

सर, तुम्हाला ज्यानं मारलं त्याचा चेहरा मला पाठ झालाय. कोवळं पोरगं. दाढी नीट कोरलेली, अंगात चाकणच्या कंपनीचा निळा शर्ट. ज्या पायरीवर तुमचं डोकं आपटलं, त्याच पायरीवर त्याचं आपटावं असं मला अजून रोज वाटतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी काही शहाण्यासारखं बोलले, तर सिस्टर निवळली असं समजू नका. मी निवळलेली नाही.

काल तुमचा तेरावा झाला. सावेडीच्या फ्लॅटमध्ये माणूस मावत नव्हतं आणि जो उठेल तो तुमचं गुणगान करत होता. तुम्ही असता तर दुसऱ्याच मिनिटाला दाराशी जाऊन चपला शोधायला लागला असता. मी कोपऱ्यात गप्प बसले. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते तेराव्याच्या पंगतीत काढता येत नाही. म्हणून आज लिहायला बसलेय.

दुसरं कारण असं की उद्या आपलं केंद्र उघडतंय. मिरजगावच्या अलीकडे हायवेच्या फाट्यावरचं ते बसकं केंद्र, जिथं तुम्ही डॉक्टर म्हणून आणि मी इन्चार्ज सिस्टर म्हणून एवढी वर्षं काढली की माझी नात त्याला 'आजीचं दुसरं घर' म्हणते. फुटलेल्या काचा बदलल्यात. रक्त धुऊन काढलंय, पायरीच्या भेगेतलं तेवढं गेलं नाही. आणि ओपीडीच्या पुढं आता लोखंडी जाळी बसवलीय, तिला हातभर खिडकी. वरून सूचना आलीय की यापुढे रुग्ण दगावला तर नातेवाइकांना त्या खिडकीतूनच कळवायचं, कर्मचाऱ्यानं बाहेर यायचं नाही. कळवायचं काम माझ्याकडे दिलंय. मी खिडकीच्या आत उभी राहू की बाहेर येऊ, एवढंच मला ठरवायचंय आणि ते आज ठरवायचंय.

हसू नका. जाळी हवी म्हणून मीच वर्षानुवर्षं तुमचं डोकं खात होते, हे मला माहीत आहे. तो दारू पिऊन आलेला कोयतेवाला आठवतोय का? बायकोला टाके घालायला उशीर झाला म्हणून त्यानं ड्रेसिंगच्या टेबलावर कोयता मारला होता. टेबलाच्या पत्र्यावर अजून ती चीर आहे. मी त्याच दिवशी म्हटलं, सर, जाळी मागवा. तुम्ही त्याच्या हातातला कोयता काढून घेतलात, धार बघितलीत आणि त्याला म्हणालात, "लई बोथट हाय की रे. ऊस कसा तोडतो ह्यानं?" तो रडायला लागला. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि मला म्हणालात, "सिस्टर, जाळी लावली तर आत कोण बसलंय ते लोकांना दिसायचं नाही." मी म्हटलं, न दिसलेलंच बरं.

नव्या योजनेचं वारं आपल्याकडे आलं तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मी केली होती, हेही कबूल. इमारतीला पिवळा रंग लागला, पाटीवरचं नाव बदललं, खाली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आलं. लोक आपले नगरच म्हणत राहिले. टॅब आले, अंगठ्याचं मशीन आलं. जन्मभर खुरपं धरलेल्या बायकांचे अंगठे मशीनला उमटेनात, तेव्हा तुम्ही कोमट पाण्याचा टोप ठेवून त्यांना हात भिजवत बसवायचात. मी म्हणायचे, दवाखाना आहे की ब्युटी पार्लर? पडद्यावर नगरचा मोठा डॉक्टर दिसायला लागला की म्हाताऱ्या डोक्यावर पदर घेऊन आधी त्यालाच विचारायच्या, "जेवलात का?" आणि तो बिचारा गोंधळून हो म्हणायचा. आठवड्याला योगासनं घ्या असा आदेश आला, तर पारावरची मंडळी नेमानं येऊन चिंचेखाली शवासनात घोरायची.

पण तुम्ही हे सगळं चालवून दाखवलंत. औषधाला बाहेर पाठवायचं बंद झालं, तपासण्या इथंच व्हायला लागल्या, ईसीजी काढला की तो नगरला दिसायला लागला आणि तिथून इंजेक्शन सुचवायला लागले. भोसल्यांचा तो रिक्षावाला त्यामुळंच वाचला आणि अजून फुकट सोडतो म्हणून माझ्या मागं लागतो. म्हणून मी नव्याच्या नावानं बोटं मोडणार नाही. नवं आलं ते बऱ्याच अंशी चांगलंच आलं. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि त्यातला निम्मा तुमच्यावर आहे.

ती गोष्ट म्हणजे तुमची सांगायची पद्धत.

माणूस गेलं की तुम्ही आधी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात घालायचात. मग बाहेर येऊन विचारायचात, "घरातलं मोठं कोन हाय?" मोठं कुणी नसलं तर बोलावून घ्यायला सांगायचात. तोवर कोणती वस्ती, पाऊस झाला का, गाडी कुठून आणली. फाट्यावरून चहा मागवायचात. मोठं माणूस आलं की त्याला चिंचेखाली नेऊन सांगायला लागायचात. हालत नाजूक आहे. हृदय साथ देत नाही. आपल्या हातात होतं तेवढं केलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचात. ऐकणाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली की तुम्हीही बोलायचं थांबायचात, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचात. पुढं सांगायची गरज नसायची. मग तो म्हातारा बायकांकडे जायचा आणि हंबरडा उठायचा.

आजूबाजूच्या गावांना ही तऱ्हा माहीत होती. डॉक्टरचं नळकांडं खिशात दिसलं की जुनी माणसं भिंतीला टेकायची.

मला ते बघवायचं नाही. हे खोटं आहे, असं मी तुम्हाला तोंडावर म्हणायचे. आत माणूस गार पडलाय आणि बाहेर तुम्ही पावसाच्या गप्पा मारताय. माझं कारण तुम्हाला ठाऊक होतं. माझे मालक गेले तेव्हा मी ट्रेनिंगला संगमनेरला होते. दिरानं फोन केला, "वहिनी, दादा जरा सीरियस हायेत, निघा तुमी." सगळ्या वाटेनं मी नवस बोलत आले. मोहट्याच्या देवीला खण, शनीला तेल, अमुक सोडेन, तमुक पाळेन. लोणीला एसटी थांबली तेव्हा मी त्यांच्यासाठी डाळिंबं घेतली, आजारी माणसाला बरी म्हणून. घरी पोचले तर तिरडी बांधून तयार. माझ्या हातात डाळिंबांची पिशवी. त्या वाटेवर मला सगळ्यांनी मिळून वेडी बनवलं, सर. देवालासुद्धा माहीत होतं आणि मलाच माहीत नव्हतं. दिराशी मी कितीतरी दिवस बोलले नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत. मग म्हणालात, "सिस्टर, फोनवर खरं सांगितलं असतं, तर त्या एसटीत तुम्ही एकट्या काय केलं असतं?"

मी म्हटलं, "रडले असते."

"कुनाच्या गळ्यात पडून?"

त्यावर मी तुम्हाला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. डॉक्टरला तसं बोलायचं नसतं. पण आपलं भांडण तिथंच अडकलं. तुमचं म्हणणं, बातमी आधी आणि माणूस नंतर असं होता कामा नये. माझं म्हणणं, सत्य एका दमात सांगून मोकळं व्हावं. दोघंही हट्टी. दर मृत्यूनंतर हात धुता धुता आपण तेच दळण दळायचो.

मग तो दिवस. बाळूला टेम्पोत घालून आणलं तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता. तिशीतला गडी, कांद्याच्या शेतात छाती धरून बसलेला. बरोबर धाकटा भाऊ, सुट्टीवर आलेला, तो निळा शर्टवाला, आणि त्याचे मित्र. तुम्ही ईसीजी काढलात, तो नगरला गेला, तिथून उत्तर आलं, इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स निघाल्याचा फोन आला. जे जे करायचं ते सगळं झालं. मी तुमच्या शेजारी उभी होते, मी साक्षीला आहे. तुम्ही छाती दाबत राहिलात, तुमचा घाम त्याच्या अंगावर पडत होता. मग तुम्ही थांबलात.

स्टेथोस्कोप खिशात घातलात. आणि बाहेर जायच्या आधी टॅब उचललात.

सर, इथं माझा राग आहे. त्या आधीच्या आठवड्यात नगरच्या बैठकीत आपल्या केंद्राचं नाव पडद्यावर लाल रंगात दाखवलं होतं, नोंदी उशिरा भरतात म्हणून. तुम्ही परत आलात ते मान खाली घालून. तेव्हापासून तुम्हाला एकच वेड, नोंद जागच्या जागी. कशाला? एवढी वर्षं कुणाच्या बापाला भ्याला नाहीत आणि पडद्यावरच्या रंगाला भ्यालात? तुम्ही बाळूची नोंद बंद केलीत आणि बाहेर गेलात. नोंद बंद झाली की नातेवाइकाच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जायला लागलाय, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला नव्हतं. ग्रुपवर कसलीशी फाईल आली होती, ती कुणी उघडली नव्हती. रोजच दहा फायली यायच्या.

तुम्ही चिंचेखाली उभे होतात. "घरातलं मोठं कोन हाय?" तुम्ही विचारलंत.

"चुलते हायेत. मिरजगावच्या बाजारात गेल्यात," पोरगा म्हणाला. "दादा कसाय?"

"बोलवून घ्या त्यांना. हालत नाजूक हाय."

त्यानं चुलत्याला फोन लावला. तुम्ही चहा सांगितलात. कांद्याला काय भाव मिळतोय असं तुम्ही विचारलंत, ते मी दारातून ऐकलं आणि मनात म्हटलं, झालं यांचं सुरू. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं वाचलं. परत वाचलं. मोठ्यानं वाचलं. आपल्या रुग्णाचे उपचार पूर्ण झाले आहेत. निष्पत्ती मृत्यू. आमची सेवा कशी वाटली, एकपासून पाचपर्यंत गुण द्या.

"आरं, हे तर मेला म्हनतंय! आन ह्यो मला कांद्याचा भाव इचारतोय!"

मग जे झालं त्याला आवाजच होता फक्त. आधी खिडक्यांच्या काचा गेल्या. मग औषधांचं कपाट आडवं झालं. कुणीतरी ईसीजीचं मशीन उचलून भिंतीवर घातलं, ज्यानं त्याचा भाऊ वाचवायचा प्रयत्न केला होता तेच. "मारून टाकलं आन लपवतोय! पोलीस येईस्तोवर टाइमपास करतोय!" मी तुम्हाला ओरडले, आत या, दार लावते. तुम्ही आला नाहीत. तुम्ही त्याच्याकडे हात पसरून जात होतात, आणि म्हणत होतात, "ऐक, बाबा, ऐक." त्यानं सलाईनचा स्टँड उचलला. पहिला वार तुमच्या हातावर बसला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा कानाच्या वर.

मी फिनेलच्या पाण्याची बादली त्याच्या तोंडावर ओतली. मग बादलीनंच मारलं. त्याच्या एका मित्राच्या हाताला मी कडकडून चावलेय, रक्त माझ्या तोंडात आलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा तेही सांगितलं. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. तोपर्यंत तुम्ही पायरीवर पडला होतात आणि पायरीची कड लाल झाली होती.

तेवढ्यात चुलते आले. मोटारसायकल स्टँडला न लावता तशीच पडू दिली त्यांनी. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात बाजाराची पिशवी. त्यांनी काचा बघितल्या, पुतण्याच्या हातातला स्टँड बघितला, तुमच्या खिशाबाहेर लोंबणारा स्टेथोस्कोप बघितला. काही न विचारता त्यांनी पुतण्याच्या थोबाडीत अशी मारली की तो खाली बसला. मग डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी केली आणि तुमच्या डोक्याखालच्या जखमेवर दाबून धरली. बाळूसाठी आलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये आम्ही तुम्हाला घातलं. नगर येईपर्यंत तो म्हातारा टोपी दाबून बसला होता. त्याचा स्वतःचा पुतण्या, बाळू, मागं फाट्यावर मरून पडला होता, तरी तो आला. वाटेत एकदाच बोलला, "माझी वाट बघत हुते ना डॉक्टर?" मी हो म्हटलं.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात तुम्हाला भरती केलं तेव्हा काउंटरवर नातेवाइकाचा मोबाईल नंबर मागितला. मी माझाच दिला. मग बाहेर येऊन मनीषा वहिनींना शाळेत फोन लावला. वहिनी वर्गातल्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या, "बोला." आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? "सरांना जरा लागलंय, वहिनी. तुम्ही या." जरा! मी, सुमन सिस्टर, जिनं जन्मभर त्या 'जरा'चा तिरस्कार केला. तुम्ही शुद्धीवर असता तर मला आयुष्यभर चिडवलं असतंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आयसीयूच्या बाहेर बाकावर होते. वहिनी खाली मेडिकलमधून इंजेक्शन आणायला गेल्या होत्या. माझा फोन वाजला.

आपल्या रुग्णाचे उपचार पूर्ण झाले आहेत. निष्पत्ती मृत्यू. आमची सेवा कशी वाटली?

मी तो वाचत असतानाच दार उघडलं आणि एक तरुण डॉक्टर बाहेर आला. मला म्हणाला, "मावशी, पेशंटची कंडिशन जरा क्रिटिकल आहे. घरातलं कोणी मोठं...?"

सर, माझा हात उठला. खरंच उठला. बाकाशेजारी ऑक्सिजनचं रिकामं सिलिंडर होतं, ते मला उचलवलं असतं की नाही कुणास ठाऊक, पण माझी नजर आधी तिकडेच गेली. हातात खरं लिहून आलेलं आणि समोर हा मला गोड बोलून खेळवतोय. त्या क्षणी मी निळा शर्ट घातला होता. त्या पोराच्या डोळ्यांनी मी त्या डॉक्टरकडे बघितलं आणि मला त्याला मारावंसं वाटलं. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं.

मी त्याची कॉलर धरली होती. तो घाबरला. मग मला त्याचा स्टेथोस्कोप दिसला. तो त्यानं काढून खिशात घातला होता, आपोआप, कुणी न शिकवता. मी कॉलर सोडली. फोन पिशवीत टाकला आणि बाकावर बसले. म्हटलं, "मीच मोठी. सांगा."

आणि त्यानं सांगितलं. प्रयत्न केले, म्हणाला. मेंदूला सूज होती. रात्रभर हृदय धरून ठेवलं. थांबत थांबत, माझ्याकडे बघत. मला सगळं माहीत होतं, तरी मी त्याला मधे तोडलं नाही, जणू मला काहीच माहीत नाही. माणूस सांगतोय तर ऐकून घ्यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मेसेजनं मला फक्त पेटवलं होतं. तुम्ही गेलात हे मला कळलं ते त्याच्या तोंडून. वहिनी जिन्यावरून वर आल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इंजेक्शनची पिशवी हळूच खाली ठेवली.

इथपर्यंत भांडणात तुमची सरशी झाली असं वाटत असेल. थांबा. तुमच्या आई राहिल्या.

त्यांना पारनेरकडच्या तुमच्या गावाहून जीपनं आणलं. तुमचा पुतण्या आणायला गेला होता. त्यांना सांगितलं होतं, दत्ताला जरा लागलंय, बघायला चला. सावेडीला त्या पोचल्या तेव्हा इमारतीखाली ही गर्दी, जिन्यात चपलांचा ढीग, आणि कुणी तोंड वर करून त्यांच्याकडे बघेना. तुमचे भाऊ, मेहुणे, सगळे शिकलेले बाप्ये, भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांना खोलीत नेऊन बसवलं. कुणीतरी चहा आणला. आईंनी कप बशीसकट बाजूला सारला आणि माझा हात धरला. मीच तेवढी अनोळखी होते, म्हणून असेल.

"पोरी, तू त्याच्या दवाखान्यातली ना?"

"हो, आई."

"भाळवनीला गाडी थांबवून ह्यांनी मला च्या पाजला. फुडं परत पाजला. म्हातारीला येवढा च्या कशापायी पाजत्यात, ते मला कळत न्हाई व्हय? भाळवनीपास्नं मला ठाव हाय. पर तोंडानं कुनी म्हनंना. किती येळ वाट बघू? तू म्हन."

वाट चालून त्या तिथंवर आल्या होत्या, सर. तुमच्या पद्धतीनं आल्या होत्या. पण शेवटच्या पावलाला कुणीच नव्हतं. तुमचे म्हातारे टोपी उतरवायचे तेव्हा तुम्ही समोर उभे असायचात. इथं सगळे पळून गेले होते.

मी म्हटलं, "आई, सर गेले. दत्ता गेला तुमचा."

त्यांनी मला मारलं. दोन्ही हातांनी. आधी छातीवर, मग तोंडावर. कष्टाचे हात, हाडापर्यंत लागत होते. माझा चष्मा उडाला आणि कुणाच्या तरी पायाखाली फुटला. "का म्हनलीस! का म्हनलीस!" असं म्हणत त्या मारत होत्या. वहिनी धावल्या, मी त्यांना हातानं मागं सारलं. मी मारू दिलं. ओठ फुटला, मारू दिलं. मग त्यांचे हात थकले आणि त्यांनी मला गच्च धरलं, आणि तेव्हा कुठं त्या माऊलीला रडू फुटलं. किती तरी वेळ आम्ही दोघी तशाच बसलो होतो. माझ्या ब्लाऊजला त्यांचं कुंकू लागलं होतं, आणि मला मांडीवर डाळिंबं घेऊन एसटीत बसलेल्या त्या बाईची आठवण झाली.

कुणाच्या गळ्यात पडून, असं तुम्ही विचारलं होतंत. मी त्यावर शिवी दिली होती.

म्हणजे ज्यानं तुम्हाला मारलं त्याचं बरोबर होतं, असा अर्थ काढू नका. आईंनी हातांनी मारलं, त्यानं लोखंडानं. तो तुरुंगात सडावा असंच मी कोर्टात बोलणार आहे, आणि ज्यांनी तो मेसेज कसलाही विचार न करता सुरू केला, त्यांनाही तिथं उभं करा म्हणणार आहे. चुलते परवा आले होते. बोडक्यानंच. ती टोपी पोलिसांकडे जमा आहे आणि नवी घ्यावीशी वाटत नाही म्हणाले. पुतण्यासाठी एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पण खिडकीचं ठरलं. आज सकाळी मी केंद्रावर जाऊन आले. जाळीच्या आत उभी राहून बघितलं. बाहेरच्या माणसाचा फक्त चेहरा दिसतो, चौकटीत, पडद्यावरच्या डॉक्टरसारखा. त्याचे हात दिसत नाहीत. आईंना मी अशा खिडकीतून सांगितलं असतं तर त्यांनी कुणाला मारलं असतं? डोकं आपटलं असतं त्या जाळीवर. धरायला कोण होतं?

म्हणून मी वर कळवलंय की सूचना पाळता येणार नाही. तो मेसेज जायचा बंद होईपर्यंत, बाहेर सांगून झाल्याशिवाय मी नोंदही बंद करणार नाही, केंद्राचं नाव खुशाल लाल दिसू दे. चिंचेखाली बाक टाकून घेतलाय. कांद्याचा भाव मी विचारणार नाही, सर, ते मला जमायचं नाही. मोठ्या माणसाची वाट बघीन, आणि तो समोर आला की माझ्या पद्धतीनं सरळ सांगीन. सांगून झाल्यावर मात्र तुमच्यासारखी तिथंच उभी राहीन.

वहिनींनी मला नवा चष्मा करून दिलाय. कुणाला काही सांगायला बाहेर जायची वेळ आली, तर तो आधी काढून खिशात ठेवीन.